उतरलेले वजन आणि नित्याचा नेम

आषाढ शुद्ध एकादशी जवळ आली की आपल्या मंदिराच्या सभामंडपात एक जुनी वही उघडली जाते. चातुर्मासात कोण कोणता नेम करणार, हे ज्याने त्याने आपल्या हाताने तीत लिहावयाचे, असा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. कोणी एकभुक्त राहतो, कोणी कांदा, लसूण व वांगे वर्ज्य करतो, कोणी मौन धरून जेवतो. अलीकडे मात्र त्या वहीत एक नवा नेम दिसू लागला आहे : "सोळा तास उपवास, आठ तासांत जेवण." लिहिणारांत बहुधा पंचविशी-तिशीतील मंडळी असतात, आणि हेतू विचारला तर वजन उतरवावयाचे आहे, असे ती निःसंकोचपणे सांगतात.

यात हसण्यासारखे काही नाही. चार वर्षांपूर्वी हा नेम त्या वहीत प्रथम लिहिणारांत आम्हीही होतो. पुजाऱ्याच्या घरी जन्म झाल्यामुळे नैवेद्याचे ताट लहानपणापासून आमच्या वाट्यास आले, आणि त्या ताटाची खूण चोविसाव्या वर्षी अंगावर स्पष्ट दिसू लागली होती. उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ८४ किलो! आषाढापासून माघापर्यंत आम्ही नेम पाळला. त्या वर्षी दिवाळीचा फराळही मोजून खाल्ला. सात महिन्यांत वजन ७२ किलोवर आले. मंडळींनी पाठ थोपटली, सदरे सैल झाले. पुढे फाल्गुनात घरातील एका लग्नाच्या पंक्तीस बसताना आम्ही मनाशी म्हटले, "आता झाले." त्यानंतरची दिवाळी येईतो वजन पुन्हा ८० किलो झाले होते.

वजन उतरविणारे पुष्कळ भेटतात. उतरलेले टिकविणारे थोडे. म्हणून या पाठात वजन कसे उतरवावे याची चर्चा न करता, उपवासाने उतरलेले वजन पुढे कसे टिकवावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आमचे शिक्षण बारावीपर्यंतचे. वैद्यकाचा अधिकार आम्हांस नाही. जे प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून वाचले, मंदिराच्या एका सभासद डॉक्टरांकडून समजून घेतले आणि स्वतःच्या देहावर अनुभवले, तेवढेच येथे मांडीत आहोत.

१. काम्य आणि नित्य

धर्मशास्त्राने कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत : नित्य, नैमित्तिक आणि काम्य. स्नानसंध्या रोजची, ती नित्य. ग्रहण, श्राद्ध, पुत्रजन्म असे काही निमित्त घडले म्हणजे जे करावयाचे, ते नैमित्तिक. आणि मनात एखादी इच्छा धरून तिच्या सिद्धीसाठी जे करावयाचे, ते काम्य. काम्य व्रताला संकल्प असतो, अवधी असतो आणि शेवटी उद्यापन असते. सोळा सोमवारांचे व्रत सतराव्या सोमवारी उद्यापन करून पुरे होते. नित्यकर्मास मात्र उद्यापन नाही. हजार दिवस संध्या केली, म्हणून एक हजार एकाव्या दिवशी ती सुटत नाही.

वजन उतरविण्यासाठी धरलेला उपवास हा उघड उघड काम्य आहे. अमुक किलो उतरले की तो संपतो, आणि संपावाही. परंतु उतरलेले वजन राखणे हे त्या व्रताचे फळ म्हणून आपोआप पदरात पडत नाही. ते वेगळे कर्म आहे, आणि ते नित्य आहे. आमची चूक झाली ती येथे. जेथून नित्याचा आरंभ व्हावयाचा, तेथेच आम्ही उद्यापन उरकले, आणि तेही श्रीखंड-पुरीचे! पुढील सर्व विवेचन या एका भेदावर आधारलेले आहे; म्हणून वाचकांनी तो प्रथम मनात पक्का करावा.

२. देह गेलेले परत का मागतो

वजन पुन्हा वाढले की घरचे लोक म्हणतात, "तोंडावर ताबा नाही." ज्याचे वजन वाढले तोही खाली मान घालतो. परंतु देहाची घडण पाहिली म्हणजे हा ठपका अर्धाच खरा ठरतो.

पहिले कारण साध्या हिशेबाचे आहे. ८४ किलोचा देह चालविण्यास जेवढे अन्न लागते, तेवढे ७२ किलोच्या देहास लागत नाही. जिना चढताना बारा किलोंचे ओझे कमी उचलावे लागते; विश्रांतीच्या वेळीही देहाचा खर्च कमी होतो. म्हणजे जे ताट पूर्वी पुरेसे होते, तेच आता जादा झाले. पूर्वीसारखे जेवू लागलो तर पूर्वीचे वजन येणारच.

दुसरे कारण सूक्ष्म आहे. देहाच्या दृष्टीने चरबी म्हणजे दुष्काळासाठी भरलेले कोठार. ते उपसले जाऊ लागले की देह सावध होतो. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचा एक रस रक्तात येतो आणि 'कोठार भरले आहे' असा निरोप मेंदूस पोहोचवितो. याचा शोध १९९४ साली लागला. जठरातून घ्रेलिन नावाचा दुसरा रस येतो, तो भूक जागी करतो. त्याचा शोध १९९९ सालचा. वजन उतरल्यावर पहिला कमी होतो आणि दुसरा वाढतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ५० स्थूल व्यक्तींस दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेवून त्यांच्या रक्ताची तपासणी करण्यात आली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, वजन उतरून वर्ष लोटले तरी भुकेचे हे रस पूर्वस्थितीस आले नव्हते, आणि त्या व्यक्तींना भूकही पूर्वीपेक्षा अधिक लागत होती.

याहून जुना दाखला अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचा आहे. १९४४-४५ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहण्याचे पत्करले. उपासमारीने गांजलेल्या लोकांस पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे जाणण्यासाठी तो प्रयोग होता. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. त्यांना दिवसरात्र अन्नाचेच विचार येऊ लागले. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक शमेना, आणि गेलेल्या चरबीपेक्षा अधिक चरबी अंगावर आली. ते तरुण दुबळ्या मनाचे नव्हते. त्यांचा देह आपले कोठार पुन्हा भरीत होता.

यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. वजन परत आलेल्या माणसास घरात हिणवू नये. कारण तो ज्याच्याशी झगडत आहे, ती आपल्याच देहातील एक मोठी शक्ती आहे. आणि त्या माणसानेही चार महिन्यांत सारे आपोआप सुरळीत होईल, या भरवशावर राहू नये.

३. उपवासाचे सामर्थ्य किती

आज प्रचारात असलेल्या खंडित उपवासाचे चार प्रकार वाचकांच्या कानावर असतील. एक, रोजचे सर्व खाणे आठ तासांत आटोपून सोळा तास पोट रिकामे ठेवणे. दुसरा, आठवड्यातील पाच दिवस नेहमीप्रमाणे जेवून दोन दिवस चतुर्थांश आहार घेणे. हा प्रकार २०१२ साली इंग्लंडमधील डॉ. मायकेल मोझ्ली यांच्या दूरदर्शन कार्यक्रमामुळे जगभर पसरला. तिसरा, एक दिवसाआड उपवास. चौथा आपल्या मराठी घरांत सर्वांत परिचित आहे : भूक लागेल तेव्हा दिवसांतून दोनच वेळा, आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवावयाचे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून हा क्रम डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रात लोकप्रिय केला.

आपल्या परंपरेस यातील पुष्कळसे नवे नाही. एकभुक्त म्हणजे दिवसा एकदाच जेवणे, नक्त म्हणजे दिवसभर न खाता रात्री जेवणे, हे भेद आपल्या व्रतांत पूर्वापार आहेत. आपले जैन शेजारी सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत. चरकाने लंघनाचे दहा प्रकार सांगताना उपवासाबरोबर व्यायामाचीही गणना केली आहे, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता, या उपवासांत काही अलौकिक गुण आहे काय? अमेरिकेतील शिकागो येथे १०० व्यक्तींवर वर्षभर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. पहिले सहा महिने वजन उतरविण्याचे आणि पुढील सहा टिकविण्याचे, अशी त्याची आखणी होती. एका गटाने दिवसाआड उपवास केला; दुसऱ्याने रोजच थोडे कमी खाल्ले. वर्षाअखेरीस दोहोंच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. उपवासाच्या गटातून मधेच गळालेल्यांची संख्या मात्र अधिक होती. चीनमधील ग्वांगझौ येथे १३९ व्यक्तींवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही असेच आढळले. दोन्ही गटांना सारख्याच बेताचा आहार दिलेला होता. एका गटाने तो सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळातच घ्यावयाचा होता. वर्षाअखेरीस एकाचे वजन सरासरी ८ किलो आणि दुसऱ्याचे सरासरी ६.३ किलो उतरले. हा फरक निर्णायक मानण्याइतका नव्हता.

कित्येक जण म्हणतात की उपवासाच्या गुणास २०१६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले आहे. ते पारितोषिक जपानचे योशिनोरी ओसुमी यांना मिळाले, हे खरे. परंतु पेशी आपल्यातील जीर्ण भाग मोडून पुन्हा उपयोगात कशा आणतात, याचा उलगडा त्यांनी मुख्यतः यीस्टवर, म्हणजे पाव फुगविणाऱ्या सूक्ष्म बुरशीवर केला. त्यावरून आपल्या कमरेच्या घेराविषयी अनुमान काढणे धाडसाचे होईल.

तात्पर्य, उपवासाने वजन उतरते ते एकूण अन्न कमी जाते म्हणून. मग उपवासाचा उपयोग कोणता? तो असा की, नेम सोपा असेल तर पाळवतो. प्रत्येक घासाचा हिशेब ठेवणे ज्यास जमत नाही, त्यास 'सात वाजल्यानंतर काही नाही' एवढा एक शब्द पुरतो. ज्यांना उपवासाने डोके दुखते, चीड येते, मग संध्याकाळी अन्नावर तुटून पडावेसे वाटते, त्यांनी रोज बेताने जेवावे. फळ तेच मिळेल.

४. फराळाचा हिशेब

येथे आपल्या घरच्या एका दोषाकडे वळणे भाग आहे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केली नाही. आपल्या इंदुरात तर साबूदाण्याची खिचडी रस्त्यावर, बारा महिने, वाफाळलेली मिळते, आणि ती उपवासाची म्हणून आपण निर्धास्तपणे खातो.

एका माणसाच्या खिचडीत सुमारे ६० ग्रॅम साबूदाणा, २५ ग्रॅम शेंगदाण्याचे कूट, एक मोठा चमचा तूप आणि अर्धा बटाटा धरावा. यातून अनुक्रमे सुमारे २१०, १४०, १२० आणि ४० कॅलरी मिळतात. एकूण पाचशेच्या वर. उलट, दोन पोळ्या, वाटीभर वरण आणि भाजी हे साधे जेवण सुमारे साडेचारशेचे होते. म्हणजे उपवासाच्या दिवशी आपण जेवणापेक्षा अधिक खाल्ले! शिवाय साबूदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ सत्त्व; त्यात प्रथिने नावालाच. म्हणून तो खाऊन दोन तासांत पुन्हा पोकळी जाणवते, आणि मग राजगिऱ्याचा लाडू हाती येतो.

खिचडी वर्ज्य करा, असे आमचे म्हणणे नाही. ज्या दिवशी खावयाची, त्या दिवशी ती जेवण म्हणून मोजावी, एवढेच. ज्यास खरोखर उपवास करावयाचा आहे, त्याने दूध, ताक, एखादे फळ, उकडलेले रताळे यांवर भागवावे.

आणखी एक विनंती. देवासाठी धरलेली एकादशी आणि वजनासाठी धरलेला उपवास यांचे संकल्प एकमेकांत मिसळू नयेत. उपवास या शब्दाचा मूळ अर्थ 'जवळ राहणे'. द्वादशीस पारणे करून वजनकाट्यावर उभे राहावयाचे आणि काटा हलला नाही म्हणून एकादशी सोडावयाची, असे झाले तर देवही दुरावतो आणि वजनही हटत नाही.

५. नित्याचा नेम

आमचे वजन ८० किलो झाल्यावर आम्ही पुन्हा प्रयत्न केला, या वेळी सावकाश. आषाढापर्यंत ते ७४ वर आले, आणि गेली दोन वर्षे ७३ ते ७५ यांच्या दरम्यान आहे. या काळात जे नेम उपयोगी पडले, ते क्रमाने देतो.

पहिला : पारणे हळूहळू करावे. आयुर्वेदात शोधनकर्मानंतर रोग्यास एकदम पूर्ण जेवण देत नाहीत. प्रथम पेज, मग घट्ट पेज, मग कढण, असा चढता क्रम असतो, त्यास संसर्जन क्रम म्हणतात. वजन उतरविणारा उपवास संपवितानाही असाच क्रम धरावा. आम्ही आठ तासांची मर्यादा एकदम सोडली नाही. दर पंधरवड्यास अर्धा तास वाढवीत ती दहा तासांवर आणली आणि तेथेच थांबलो : सकाळी ९ ते सायंकाळी ७. उतरविण्याच्या वेळी जो कडक नेम चालतो, तो जन्मभर चालत नाही. म्हणून टिकविण्याचा नेम त्याहून सैल, पण न सुटणारा असावा.

दुसरा : आठवड्यातून एकदा वजन करावे. वार एक, वेळ एक, काटा एक. अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेली एक राष्ट्रीय नोंदवही आहे, निदान १३.६ किलो वजन उतरवून ते निदान एक वर्ष टिकविलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती तीत आहे. त्यांतील सुमारे ७५ टक्के लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. कमरेचा घेरही महिन्याकाठी मोजावा. आपल्या देशातील तज्ज्ञांनी २००९ साली पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा सांगितली आहे. कारण भारतीयांच्या पोटावरील चरबी थोड्या वजनातही अपाय करते.

तिसरा : चुकीचे प्रायश्चित्त लहान आणि लवकर असावे. नित्यकर्म चुकल्यास शास्त्र प्रायश्चित्त सांगते. पण ते चुकीच्या मापाचे असते. आम्ही ७६ किलोवर एक रेघ ओढली आहे. काटा तेथे पोहोचला की दोन आठवडे पुन्हा आठ तासांची मर्यादा. ८० होईपर्यंत काट्याकडे पाठ फिरवावयाची आणि मग घाबरून चार दिवस निर्जळी करावयाची, हा जुना मार्ग आम्ही सोडला.

चौथा : प्रथिने आणि बळाचा व्यायाम. उपवासाने चरबीबरोबर स्नायूही झिजतात. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, ११६ व्यक्तींच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासात सोळा तासांच्या उपवासाने फारसे वजन उतरले नाही. आणि ज्यांची सविस्तर मोजणी झाली, त्यांच्यांत जे उतरले त्यात चरबीपेक्षा मांसल भागाचाच वाटा मोठा निघाला. स्नायू गेले की देहाचा खर्च आणखी घटतो. प्रौढ माणसास दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ७४ किलोच्या माणसास साठ ग्रॅमच्या आसपास. वाटीभर घट्ट वरणातून सुमारे ७ ग्रॅमच मिळतात. तेव्हा खाण्याची वेळ कमी केली असता मोड आलेली कडधान्ये, दही, दूध, पनीर, पिठले यांस ताटात अधिक जागा द्यावी आणि भात त्या मानाने कमी करावा. सूर्यनमस्कार, जोर, बैठका यांस पैसा लागत नाही.

पाचवा : रोज चालणे. वर सांगितलेल्या नोंदवहीतील नव्वद टक्के लोक सरासरी रोज तासभर व्यायाम करतात, आणि त्यांत चालणारेच अधिक. तेथील ७८ टक्के लोक रोज सकाळची न्याहारीही करतात. यावरून सकाळ उपाशी काढलीच पाहिजे असे नाही, हेही दिसते. ही माहिती स्वेच्छेने नाव नोंदविणारांची आहे, म्हणून ती नियम न मानता दिशा मानावी.

सहावा : रात्र सांभाळावी. सराफ्यातील पेढ्या बंद झाल्या की तेथे खाण्याची दुकाने लागतात, आणि मित्रमंडळींची पावले तिकडे वळतात. गराडू आणि भुट्ट्याचा कीस यांचे वैरी आम्ही नाही. महिन्यातून एकदा, ठरवून, जेवणाऐवजी जातो. जेवणानंतर जात नाही. झोपही पुरी घ्यावी. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी भूक अधिक लागते, हा अनुभव सर्वांचाच आहे.

६. नैमित्तिकाचा मान

नित्य सांगितले म्हणून नैमित्तिक टाळावे, असे शास्त्र कोठेच म्हणत नाही. गणपतीच्या मोदकांना, श्राद्धाच्या खिरीला, लग्नाच्या पंक्तीला नाही म्हणणारा मनुष्य घरात कोणास आवडत नाही, आणि आवडूही नये. परंतु निमित्त एका दिवसाचे असते. मोदक चतुर्थीस खावेत. उरलेले पंचमी, षष्ठी, सप्तमीस संपवीत बसू नये. आमचे आठ किलो लग्नाच्या त्या एका पंक्तीत आले नाहीत. पंक्तीनंतरच्या दुसऱ्या दिवशी जो नेम पुन्हा धरावयाचा राहिला, त्यामुळे ते आले.

या बाबतीत घरातील स्त्रियांची अडचण निराळी आहे, आणि ती पुरुषांनी समजून घ्यावी. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी हे उपवास घरोघर त्याच अधिक करतात. दिवसभर उपाशी राहून रांधतात, आणि रात्री उरलेसुरले वाया जाऊ नये म्हणून तेही खातात. त्यात मुलाने आपला नेम सांगून वेगळ्या वेळी वेगळे ताट मागितले की चूल दोनदा पेटते. आमच्या मातोश्रींनी सात महिने हे निमूटपणे केले, आणि त्याची जाणीव आम्हांस फार उशिरा झाली. आता सायंकाळी साडेसहाला सारे घर एकत्र जेवते. नेम एकाचा असला तरी वेळ साऱ्या घराची असली, म्हणजे तो टिकतो.

७. हा नेम कोणी घेऊ नये

गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीची मुले, अशक्त वृद्ध, आधीच कमी वजनाची माणसे, आणि खाण्याविषयी मनाचा आजार होऊन गेलेले, यांनी वजनासाठी उपवास करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणारांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून एकही जेवण चुकवू नये.

हे वाक्य आम्ही अनुभवाने लिहीत आहोत. आमच्या तीर्थरूपांस बारा वर्षांपासून मधुमेह आहे. तीन वर्षांपूर्वी निर्जला एकादशीस त्यांनी सकाळची गोळी नित्याप्रमाणे घेतली आणि अन्न घेतले नाही. सायंकाळच्या आरतीस निरांजन धरलेला हात कापू लागला, अंगास दरदरून घाम फुटला, आणि बोलणे असंबद्ध होऊ लागले. सभासद डॉक्टर जवळच होते. त्यांनी तत्काळ साखरेचे पाणी पाजले, म्हणून बरे. गोळीने साखर उतरविण्याचे आपले काम चोख केले होते. पण उतरविण्यास पोटात अन्नच नव्हते.

शुद्धीवर येताच तीर्थरूपांनी पहिला प्रश्न केला तो व्रत मोडले काय, हा. पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठांनी व्रतभंग होत नाही, हे शास्त्रवचन त्यांनी शेकडो यजमानांस सांगितलेले आहे. तेच आम्ही त्यांस ऐकविले. ते क्षणभर थांबून म्हणाले, "दुसऱ्यांस सांगणे सोपे." आता डॉक्टरांनी त्यांच्या औषधांचा क्रम बदलून दिला आहे, आणि एकादशीस ते वेळेवर दूध व फळे घेतात. एकादशी सुटली नाही. तीर्थरूपही आम्हांस लाभले.

समारोप

गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे की अति खाणारास योग साधत नाही, आणि अजिबात न खाणारासही नाही. वजन उतरविताना आपण यांपैकी दुसऱ्या टोकाकडे झुकतो, आणि उतरल्यावर पहिल्या टोकाकडे. टिकविण्याचे काम या दोहोंच्या मधल्या वाटेवरचे आहे. त्यात कौतुक थोडे. बारा किलो उतरले की सारी आळी विचारते. दोन वर्षे काटा जागचा हलला नाही, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. रोजच्या संध्येचेही कोणी कौतुक करीत नाही.

येत्या आषाढीस मंदिरातील वही पुन्हा उघडेल. ज्यांना वजनासाठी नेम लिहावयाचा असेल, त्यांनी अवश्य लिहावा. मात्र त्याखाली आणखी एक ओळ लिहून ठेवावी : कार्तिकी एकादशीनंतर आपण काय करणार?

मननासाठी प्रश्न

१. आपल्या घरात नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे कोणकोणते नेम चालतात? त्यांपैकी कोणता नेम उद्यापन नसताना सुटला, आणि तो कोणत्या दिवशी सुटला?

२. आपल्या उपवासाच्या दिवसाचा फराळ एकदा कागदावर मांडून पाहावा. तो जेवणापेक्षा कमी भरतो की अधिक?

३. घरात औषध घेऊन उपवास करणारे कोणी आहे काय? त्यांनी त्याविषयी डॉक्टरांस विचारले आहे काय?

४. आपल्या नेमामुळे स्वयंपाकघरात कोणाचे श्रम वाढतात, आणि ते कसे कमी करता येतील?